काळी

मेजरचा लेफ्टनंट कर्नल झाल्याचं त्यानं कळवलं नाही.
मी फोटोतल्या खांद्यावरून ओळखलं,
दर्यापूर रोडला, ॲम्ब्युलन्स थांबवून,
कारण रेंज त्या एका बाभळीखालीच येते.

ओस्ताप. माझ्या घरमालकिणीचा मुलगा.
सुमीला चार वर्षं मी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टरकीची हाडं पाठ करत राहिले, आणि तो
समोरच्या शाळेत नववीला भूगोल शिकवायचा.
पहिल्याच दिवशी विचारलं, कुठली?
म्हटलं, अमरावती. त्यानं नकाशावर बोट फिरवलं,
थांबवलं, आणि म्हणाला: रेगूर.
माझ्या बापानंही आमच्या वावराला
एवढ्या मायेनं कधी हाक मारली नव्हती.

तुमची काळी लाव्ह्याची, म्हणाला, आमची गवताची.
तुमची मे महिन्यात फाटते,
आमची जानेवारीत दगड होते.
एवढाच फरक. बाकी दोघींवर लोकांचा डोळा.

तो सैनिक नव्हे, त्याची आई सांगायची.
म्हणजे होता. दोनदा.
एकदा अठराव्या वर्षी, बटाटे सोलत.
एकदा चौदा साली, पूर्वेला.
परत आला तेव्हा उजवा हात
खांद्याच्या वर जाईना.
फळ्यावर पृथ्वी तो काढायचा,
उत्तर ध्रुव मुलं.

बावीसच्या मार्चमध्ये आमची बस सुटली.
तो नाक्यावर उभा, बंदूक गळ्यात, खिसा पांढरा.
बसच्या पाठीवर त्यानं खडूनं लिहिलं: विद्यार्थी.
हात पुरला तेवढ्याच उंचीवर.
वायरलेसवर त्याला खडूच म्हणत.

मग बढत्या.
आमच्याकडे बढती म्हणजे पेढे.
तिथे वरचा मेला की खालचा वर.
तीन वर्षांत तीन वेळा त्याचा खांदा बदलला
आणि एकदाही त्यानं आनंदानं सांगितलं नाही.

नदीकाठचं बारा घरांचं गाव. हुकूम होता, धरा.
त्यानं नऊ दिवस धरलं.
त्या रात्रीचा आवाज त्यानं मला का पाठवला,
मी विचारलेलं नाही. सतरा नावं,
प्रत्येक नावानंतर थोडी जागा सोडलेली.
त्यातली चार नववी ब मधली.
मी गंगुबाईला सलाईन लावत होते
(मूत्रपिंड; इथलं पाणीच तसं),
फोन टेबलावर बोलत होता.
द्वारकाबाई आशाताई, एक अक्षर न कळता म्हणाल्या,
हजेरी घेऊन रायला काय वो तो मास्तर?

दहाव्या दिवशी त्यानं गाव सोडलं,
कोणाला न विचारता. उरलेली मुलं घेऊन.
चौकशी लागली. आमच्याकडे चौकशी लागली
की इन्क्रिमेंट थांबतं.
त्याला कर्नल केलं, कारण
जागेवर बसवायला दुसरं कोणी राहिलं नव्हतं.
चुकला की बरोबर होता, हे मी
बाभळीखाली बसून ठरवू शकत नाही.
नऊ दिवस की एक दिवस, तोही ठरवत नसावा.
झोपत नाही, एवढं त्याच्या आईनं कळवलं.

परवा त्याचा एकच प्रश्न आला:
तुमची काळी किती खोल? पुस्तकांत आकडे जुळत नाहीत.

दवाखान्यामागे कचऱ्याचा खड्डा खणणं चालू आहे.
पुंजाजीला विचारलं. त्यानं तंबाखू थुंकली.
काळीले बूड नाही इथं, डाक्तरीनबाई.
इहिरीत पन्नास हात गेल्तो मी.
खाली खारं पानी.

तेच लिहून पाठवलं. पन्नास हात. मग खारं पाणी.

उत्तर चौथ्या दिवशी आलं, भर ओपीडीत.
चांगली माती आहे.
खणू नका.

मी मागच्या दारात गेले.
पुंजाजी छातीपर्यंत आत, फावड्यावर हात टेकून,
डोक्यावर उन्हाचं फडकं,
मला विचारत होता,
अजून किती?